म्युनिकला येताय? आधी पत्रपेटीवर आडनाव लावा

तुमचा प्रश्न असा की नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही लहान मुलीला घेऊन म्युनिकला येताय, तर तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं आणि लोक खरंच तुसडे असतात का. बरीच वर्षं इथे राहतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली बेल आणि पत्रपेटी, दोन्हींवर फक्त आडनाव. पोस्टमन तेच वाचून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही की पत्र परत जातं. आणि इथे सगळं पत्रानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटात. आरोग्यविम्याचं कार्ड. करखात्याचा ११ आकडी क्रमांक, जो वेळेत मिळाला नाही तर पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो (पुढे परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात प्रत्येक युरो लागतो). म्हणून सामान लावायच्या आधी पेटीवर नाव लावा. तुमचं आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लावा.

मग आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. कायद्यानं घरात आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. अपॉइंटमेंट लवकर मिळेलच असं नाही, तेव्हा विमानात बसायच्या आधीपासून ऑनलाइन बघत राहा. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला जर्मन भाषांतरासह हाताशी ठेवा. नोंद झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल: घरटी महिन्याला १८.३६ युरो. आमच्याकडे टीव्हीच नाही, हे कारण चालत नाही. भरून मोकळं व्हा.

आपल्याकडे भाजीवाल्यालाही यूपीआयनं दहा रुपये देतात, आणि इथे बीएमडब्ल्यूच्या गावात डॉक्टरच्या लेटरहेडवर अजून फॅक्स नंबर असतो. काही बेकऱ्यांत फक्त रोख चालते. हसू येतं, पण कागद एकदा फायलीत लागला की तो मोडून पडत नाही, हेही खरं.

आता तुसडेपणाचं. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजीबाई आहेत. माझा भाचा इथे नवीन असताना कागद-पुठ्ठ्याच्या रद्दीसाठी असलेल्या निळ्या डब्यात भलंमोठं खोकं तसंच कोंबत होता. आजींनी ते त्याच्या हातातून घेतलं, चारी कोपरे फोडले, सपाट करून डब्यात सरकवलं, ‘असं’ म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. पोरगं हिरमुसलं. पुढे त्याचं एक पार्सल तो घरी नसताना आलं, ते आजींनी ठेवून घेतलं आणि संध्याकाळी बेल वाजवून हातात दिलं. दोन्ही वेळेला चेहरा तोच! माया आणि दटावणी यांना इथे वेगवेगळे चेहरे नसतात, असं माझं मत झालंय. एक मात्र करा. नव्यानं आलेल्यानं स्वतः शेजाऱ्यांकडे जाऊन ओळख करून द्यायची, अशी इथली रीत आहे. कोणी येऊन विचारेल म्हणून वाट बघत बसलात तर वर्ष निघून जाईल.

रविवारी दुकानं बंद. एरवीही सुपरमार्केट रात्री आठला शटर ओढतं. गुड फ्रायडे बंद, शनिवार उघडा, मग ईस्टरचा रविवार-सोमवार पुन्हा बंद. त्या शनिवारी दूध-ब्रेडसाठी लागणारी रांग एकदा बघाच. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारीही चालू असतात. रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत. खळखळाट होतो ना. पहिले काही रविवार अंगावर येतात. त्यावर उपाय म्हणजे घराबाहेर पडणं. आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाचं तिकीट रविवारी फक्त एक युरो असतं. नाहीतर इंग्लिश गार्डनमध्ये जा. तिथे आइसबाख नावाच्या ओढ्याच्या लाटेवर २०२५ पर्यंत भर थंडीतही लोक फळी घेऊन सर्फिंग करताना दिसायचे; आता लाट आहे का ते आधी बघून जा. असली तर मुलगी तासभर हलणार नाही.

हवेबद्दल थोडक्यात: थंडी कपड्यांनी निभते, अंधार निभत नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि तो खर्च घरमालक तुमच्या अनामत रकमेतून मागू शकतो.

खाण्याची चिंता करू नका. स्टेशनच्या दक्षिणेला गोएटेश्ट्रासे, लांडवेअरश्ट्रासे भागात तुर्की दुकानांत कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात, आसपास भारतीय किराणाही आहे. जर्मन सुपरमार्केटातलं ४०५ नंबरचं पीठ पोळ्यांसाठी घेऊ नका, तो जवळजवळ मैदाच. कुकर आणणार असाल तर घरातली शेगडी इंडक्शनची आहे का ते आधी विचारा, कारण साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. आणि शेगडी मुळात आहे का तेही विचारा. इथे बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय, नुसते नळ आणि भिंती, अशीच भाड्यानं देतात.