निपाणीला शिकायला निघालेल्या पोरीस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात प्रवेश झाला, निपाणीत खोलीही मिळाली, हे ऐकून फार बरं वाटलं. आईला आता एकच घोर आहे, पोरगी जेवणार कुठं? मी त्याच गावात शिकले, म्हणून हे पत्र. अभ्यासाचं तुला सांगायला नको. जेवणाचं मात्र सांगते, कारण पहिल्या वर्षी मी तिथं धड जेवले नाही आणि आजारी पडले.

आपण बेळगावजवळच्या खानापूरकडची माणसं, दोन्ही वेळा भाताची सवय. निपाणीत ताटात आधी ज्वारीची भाकरी येते, भात शेवटी मूठभर. मला ते जड वाटायचं. मग दुपारी भजी-पाव, संध्याकाळी चहा-बिस्किट, तहान लागली की गाड्यावरचा बर्फ घातलेला रस, असं चाललं होतं. अडीच महिन्यांत कावीळ झाली. तीन आठवडे गावी पडून राहिले, चाचणी परीक्षा बुडाली. रस पिऊ नको असं मी म्हणत नाही, तो मुलूखच उसाचा आहे. पण तुझ्यासमोर काढलेला आणि बिनबर्फाचा घे. पाणी खोलीतून भरून ने.

गेल्यावर पहिल्यांदा खानावळ लाव. महिन्याचे पैसे लगेच भरू नको. दोन-चार दिवस रोजचे पैसे देऊन जेव, आणि त्यातला एक दिवस मुद्दाम उशिरा जा, सगळी उठून गेल्यावर. तेव्हा तुला काय वाढतात ते बघ. उरलेल्या आमटीत पाणी ओतून पुढं ठेवलं, तर उद्यापासून तिथं जाऊ नको. 'थांब गं, पिठलं टाकते' म्हणत कुणी परत चूल पेटवली, तर तिथंच पैसे भर. प्रॅक्टिकल लांबेल, बस चुकेल, पाऊस येईल. तुझं ताट झाकून ठेवणारं एक तरी घर त्या गावात असलं पाहिजे.

माझं असं घर कावीळ झाल्यानंतर मिळालं. एक मावशी दहा-बारा पोरींना घरीच जेवण घालायच्या. त्यांनी मला महिनाभर तिखट दिलं नाही, माझ्यापुरती मुगाची आमटी वेगळी करायच्या. त्याचे जास्तीचे पैसे कधी घेतले नाहीत. भाकरी खायला मी त्यांच्याकडंच शिकले. तव्यावरून उतरलेली, वाफ धरलेली भाकरी दुधात कुस्करून. पंधरा दिवसांत मला भाताची आठवण येईना.

१९८१ च्या मार्चात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूच्या दरासाठी आंदोलन उभं केलं, हजारो शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर येऊन बसले. तेव्हा मावशींनी आम्हा सगळ्या पोरींना परातीभोवती बसवलं. भाकऱ्या थापायच्या, फडक्यात बांधायच्या आणि रस्त्यावर पोचवायच्या. माझ्या भाकऱ्या वाकड्या व्हायच्या, त्याही गेल्या. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या रात्री आमच्याकडं कुणी जेवलं नाही. त्या रस्त्यानं गेले की मला आजही आधी परात आठवते.

गावात जैन वस्ती मोठी आहे. बरीच घरं दिवस मावळायच्या आत जेवतात. अशा घरी जेवण लावलंस तर अन्न स्वच्छ मिळेल, पण कॉलेज सुटल्यावर रेंगाळता येणार नाही. ते आधी ठरवून घे.

कधी तरी लिंगायत खानावळीत जा. पापडासारखी कडक भाकरी, तेलात मुरलेलं भरलं वांगं, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, वर दह्याचा गोळा. तिथं चार शब्द कन्नड बोल. ताकाला 'मज्जिगे', जेवणाला 'ऊट', पुरे म्हणायला 'साकु'. पण 'साकु' लवकर म्हणू नको. आपल्याकडची काही माणसं हे शब्द तोंडात घ्यायला कचरतात, ते मला पटत नाही. त्यांच्या पाटीवरही 'खानावळी'च लिहिलेलं असतं. मराठीवर जीव असणाऱ्याला शेजारच्या घरची चटणी मागता येऊ नये? निपाणी कर्नाटकात आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, म्हणजे तू खोलीतून कॉलेजला जाताना रोज कर्नाटकातून महाराष्ट्रात जाशील. तुझा नाष्टा एका राज्यात आणि दुपारचा चहा दुसऱ्या राज्यात होणार आहे.

नाष्ट्याला उडपी हॉटेलात उप्पीट किंवा इडली घे. चहा दोघींत 'बाय टू' सांग, कुणी काही म्हणत नाही.

आता तुला एकटीनं जावं लागेल तेव्हाचं. हॉटेलात शिरलीस की पोऱ्या आतल्या फॅमिली रूमकडं बोट दाखवेल. माझ्या वेळी तिथं पडदा आणि कुबट अंधार असायचा, आणि मी मुकाट्यानं आत जायचे. एकदा तंबाखूच्या वखारीतून सुटलेल्या चार बायका बाहेरच्या बाकावर चहा पीत होत्या. त्यातली एक म्हणाली, "ए पोरी, आत कशाला मरतीस? बस की हितं." तिच्या लुगड्याला तंबाखूचा उग्र वास येत होता. मी तिच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून मी कायम बाहेरच बसले, गल्ल्यासमोर, उजेडात. तूही तिथंच बस. चहा संपला तरी पुस्तक उघडून दहा मिनिटं बस.

सुट्टीला बेळगावला यायला तुला तिकीट पडणार नाही. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या आणि जलद गाड्यांत आपल्या राज्यातल्या बायकांना प्रवास मोफत आहे, आधार कार्ड जवळ ठेव. परत जाताना बेळगावची मिठाई, कुंदा घे, पावशेर पुरे, मैत्रिणींना वाट. कोल्हापूरच्या गाडीला ही सवलत नाही, पण ते ४० किलोमीटरवर आहे. महिन्यातून एकदा मिसळ खायला जा आणि गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन ये, मात्र अंधार पडायच्या आत परत फिर. त्या मिसळीच्या कटानं डोळ्यांत पाणी येईल. पहिल्याच दिवशी जास्तीचा रस्सा मागू नको.

एक राहिलंच. रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी असते. नव्या पोरी त्या रात्री नुसतं पाणी पिऊन झोपतात, आणि घरची आठवणही त्याच रात्री येते. म्हणून खोलीत चिरमुऱ्यांची पिशवी, शेंगदाणे, डाळं, गूळ, दोन कांदे आणि आईकडची चटणी कायम ठेव. चिरमुऱ्यांत कांदा, कोथिंबीर, डाळ्याचं कूट कालव, वर चमचाभर कच्चं तेल आणि लिंबू. जरा जास्तच कर. शेजारच्या खोलीत दिवा असेल तर दार वाजव.

तुझी,
शाळेतली बाई