ड्रीमवीव्हर या वेबपाने बनवण्याच्या प्रोग्रामच्या डिझाइन व्ह्यूमध्ये (पान कसे दिसेल ते दाखवणाऱ्या भागात) जेएसपीचे, म्हणजे सर्व्हरवर जावा चालवून तयार होणाऱ्या पानांचे, स्वतः बनवलेले टॅग दिसतात का?

टॅग ओळखले जातात, पण तुमचा टॅग पानावर जे छापतो ते डिझाइन व्ह्यूमध्ये दिसत नाही. कारण सरळ आहे: तो मजकूर टॅगच्या मागचा जावा कोड सर्व्हरवर चालल्यावर तयार होतो आणि ड्रीमवीव्हर तो कोड चालवत नाही. तरीही दोन गोष्टी जरूर करून घ्या.

पहिली, टॅग लायब्ररी एडिटर उघडून तिथे तुमची टीएलडी फाइल (टॅगची आणि त्यांच्या अ‍ॅट्रिब्यूटची यादी असलेली फाइल) इम्पोर्ट करा. मग कोड लिहिताना टॅग आणि त्याचे अ‍ॅट्रिब्यूट आपोआप सुचवले जातात. इम्पोर्ट करताना दिलेला प्रीफिक्स (टॅगच्या नावाआधी लागणारी खूण) पानात टॅग लायब्ररी जोडणाऱ्या टॅगलिब ओळीतल्या प्रीफिक्सशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर सूचना येतील चुकीच्या.

दुसरी गोष्ट फारसे कोणी करत नाही, पण खरा फायदा तिचाच. ड्रीमवीव्हरच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमधल्या थर्डपार्टीटॅग्ज फोल्डरात एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवा. तीत टॅगस्पेक नावाची नोंद लिहून टॅगचे नाव, तो रिकामा आहे की आत मजकूर घेतो, आणि त्याच्या जागी दाखवायचे आयकॉन एवढे सांगायचे. टॅगच्या आतले एचटीएमएल दिसायला हवे असेल तर मजकूर रेंडर करण्याचा पर्याय ट्रू ठेवा. टेबल किंवा फॉर्मभोवती गुंडाळलेल्या टॅगला हे हवेच, नाहीतर आतली मांडणी हाताळता येणार नाही. बदल दिसण्यासाठी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा.

हे सगळे फक्त संपादनापुरते आहे. लूप किंवा अट असलेला टॅग असेल तर पान टॉमकॅटसारख्या जेएसपी चालवणाऱ्या सर्व्हरवर चालवूनच तपासा.