या शुक्रवारी चॅसीची ऑर्डर देऊ नकोस

अरे बाळा,

तुझे फोटो परवा रात्री आले, सगळे दोन-दोनदा झूम करून बघितले. लगेच फोन करणार होतो पण फोनवर निम्मं राहून जातं म्हणून बसून लिहितोय. १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल मालिबू, दोन दारांची हार्डटॉप, इंजिन गेलेलं, मागच्या काचेखाली गंज, पण छप्पर सरळ आणि दोन्ही दारं मूळचीच. चांगली गाडी मिळालीय तुला, मनापासून सांगतो. आणि मग खाली लिहिलंयस की शुक्रवारी नव्या चॅसीची, म्हणजे बॉडीखालच्या अख्ख्या लोखंडी सांगाड्याची, ऑर्डर देतोय, सोबत एलएस३, म्हणजे जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही८ इंजिन, पण बुक करून टाकतोय.

चॅसी घे. नक्की घे. मी माझ्या ७२ च्या शेव्हेलला घेतली आणि उद्या दुसरी गाडी करायला काढली तरी तेच करीन. फक्त या शुक्रवारी नको, अजून दोन-तीन महिने तरी नको, आणि का नको तेवढंच सांगायला हे पत्र आहे.

आधी हे की तुझा निर्णय बरोबर आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गेलास की तिथे तुला जुनी माणसं भेटतील, ती म्हणतील जुनी फ्रेम काढलीस म्हणजे गाडीचा जीव काढलास. त्यांचं ऐकून घे, त्यांनी या गाड्या नव्या असताना चालवल्यात, आणि सरळ रस्त्यावर त्या गाड्या खरंच पळायच्या. वळणावर मात्र नाही. तुझ्या गाडीची फ्रेम उघड्या सी आकाराच्या पत्र्याची आहे. कन्व्हर्टिबलला कंपनीनेच चारही बाजूंनी बंद फ्रेम दिली होती, कारण छप्पर नाही म्हटल्यावर पीळ सहन करणार कोण. बुटाचा खोका झाकण काढून दोन्ही हातांनी पिळून बघ, मग झाकण चिकटवून पीळ, फरक हातालाच कळेल. दुसरं म्हणजे पुढचं सस्पेन्शन. वळणावर बाहेरचं चाक दबलं की ते वरून आत झुकायला पाहिजे म्हणजे टायर पूर्ण रस्त्यावर टेकतो, या गाडीत नेमकं उलटं होतं, चाक वरून बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालायला लागतो. त्या काळच्या अरुंद टायरांवर ते चालून गेलं. आज तू त्याच्यावर ४३० हॉर्सपॉवर घालणार, रुंद टायर घालणार, मग खाली रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) आणि बंद चौकोनी नळीची चॅसी पाहिजेच, यात वाद नाही.

आणि तू नशीबवान आहेस हे पण लक्षात घे. ६९ ची कॅमॅरो घेतली असतीस तर तिला अशी वेगळी फ्रेमच नाही, पुढे फक्त एक सबफ्रेम बोल्टने लावलेली असते, बाकी बॉडी हीच चॅसी. तिला पूर्ण चॅसी घालायची म्हणजे अख्खा फ्लोर कापायला लागतो. शेव्हेलची बॉडी फ्रेमवर रबरी माउंट ठेवून बोल्टने बसवलेली असते, बोल्ट काढले की बॉडी उचलता येते, जुनी फ्रेम बाहेर, नवी आत. कागदावर इतकं सोपं आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. नवी चॅसी जिगवर, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या साच्यावर, वेल्ड होते, एकदम सरळ असते. तुझी बॉडी पन्नास वर्षांहून जास्त जुनी आहे, आणि खरं सांगू का, ती नवी होती तेव्हाही इतकी सरळ नव्हती, फॅक्टरीत लाइनवर माणसं माउंटखाली शिम (पातळ चकत्या) घालून दारं जुळवायची. मग मिशिगनमधे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ, एखादा विसरलेला ॲक्सिडेंट, कुणीतरी लांबी भरून झाकलेला डेंट. अशी बॉडी सरळ चॅसीवर ठेवलीस की चॅसी तिचा सगळा वाकडेपणा उघडा पाडते. इंजिन बसवणं दोन दिवसांचं काम, ब्रेक आठवड्याचं, पण बॉडी आणि चॅसी जिथे एकमेकाला भेटतात तिथे वर्ष जातं. तुझं सगळं लक्ष तिथे पाहिजे आणि तू मला इंजिनाबद्दल सात प्रश्न विचारलेस, बॉडी माउंटबद्दल एकही नाही.

माझं काय झालं ते सांगतो. मी बॉडी उचलली तेव्हा दोन्ही दारांखालचे रॉकर, म्हणजे उंबऱ्यासारखे आडवे पत्रे, गंजून जाळी झालेले होते, आणि हार्डटॉपला मधला खांब नसतो, म्हणजे दाराच्या भागात वर छप्पर आणि खाली रॉकर एवढंच बॉडीला धरून असतं. मी आत ब्रेस, म्हणजे आधाराच्या नळ्या, मारले नाहीत. पुढून-मागून उचलली, खाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्या, मधे बॉडी बसली असेल पाच-सहा मिलिमीटर, डोळ्याला दिसलं पण नाही. आणि त्याच अवस्थेत मी नवीन रॉकर वेल्ड केले. म्हणजे बॉडी वाकली होती तशीच्या तशी मी तिला कायमची जोडून टाकली. चार महिन्यांनी नवी चॅसी आली, बॉडी खाली सोडली, उजवं दार लावायला गेलो तर दाराची मागची वरची कड क्वार्टर पॅनलला (दारामागच्या पत्र्याला) घासायला लागली. फट वर जेमतेम दीड मिलिमीटर आणि खाली आठ. शिम घालून बघितले, बिजागऱ्या हलवून बघितल्या, दोन आठवडे असाच झगडलो. शेवटी तेच नवे रॉकर ग्राइंडरने कापले, बॉडी जॅकवर घेऊन परत सरळ केली, परत वेल्ड केली. ती एक रात्र मी गॅरेजमधे नुसता दाराकडे बघत बसलो होतो ते मला अजून आठवतं, आणि तुझ्यावर ती पाळी येऊ नये असं मला खरंच वाटतं.

म्हणून तुझी जुनी फ्रेम आत्ता सगळ्यात महत्त्वाची आहे. तीच तुझा जिग आहे, दुसरा तुझ्याकडे नाही. पण आधी ती फ्रेम सरळ आहे का ते बघ. गाडी चार घोड्यांवर लेव्हल कर, फ्रेमवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोड, जमिनीवर खडूने खुणा कर, आणि कर्ण मोज. घराचा पाया आखताना गवंडी दोरी धरून दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत पुढे जात नाही ना, तसंच. माझ्याकडे बाबांचा पितळी ओळंबा आहे, कोल्हापूरहून आणलेला, टोक झिजून जरा बोथट झालंय पण या कामाला लेसरपेक्षा मला तोच बरा वाटतो, कारण दोरी स्थिर झाली की ती स्थिर झालेली डोळ्याला दिसते. चाकांच्या मधलं अंतर तुझ्या दोन दारांच्या गाडीत ११२ इंच आहे, दोन्ही बाजूंना तेवढंच येतंय का बघ. मग दाराच्या फटी मोज, दारं लावून, वर-मधे-खाली, आणि कागदावर लिही. मग आतून दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या चौकोनी नळ्या वेल्ड कर, मग रॉकर, ट्रंकचा फ्लोर, मागच्या काचेखालचं चॅनल सगळं बॉडी फ्रेमवर असतानाच कर, आणि प्रत्येक वेल्डिंगनंतर दार लावून बघ. हे सगळं झाल्यावरच बॉडी उचल. बोल्टना आधी आठवडाभर तेल सोडत राहा, त्यांचे नट आतल्या पिंजऱ्यात असतात आणि गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवलास की पिंजऱ्यासकट फिरतो, मग फ्लोर कापायला लागतो.

याच दोन-तीन महिन्यांत एक शोध घे, गाडी साधी मालिबू आहे की एसएस, म्हणजे तिचंच जास्त दमदार सुपर स्पोर्ट रूप. ७० साली एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन होता, त्यामुळे व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरावरून, काहीच कळत नाही, साध्या व्ही८ मालिबू हार्डटॉपचा आणि एसएसचा नंबर दोन्ही १३६३७ नेच सुरू होतो. फॅक्टरीचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीला काय काय लावलं त्याची यादी, मिळाला तर खरं कळेल, आणि तो कागद बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला नाहीतर मागच्या सीटच्या स्प्रिंगमधे अडकलेला सापडतो. सीट फेकण्याआधी हात घालून बघ. समजा खरीच एसएस निघाली तर कापाकापी करू नकोस, ती जशी होती तशी उभी कर, आणि चॅसीसाठी साधी मालिबू शोध, मी मदत करीन. जुन्या फ्रेमवर पण व्हीआयएनचा काही भाग ठोकलेला असतो. ती फ्रेम काम झाल्यावर भंगारात देऊ नकोस, सगळी बिलं आणि फोटो जपून ठेव, आणि डॅशवरची व्हीआयएनची पट्टी कुठल्याही कारणाने काढू नकोस. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, जिथे गाड्यांची नोंदणी होते, तिथे जाऊन फ्रेम बदलल्यावर टायटलचं (मालकीच्या कागदाचं) काय करायचं ते आधीच विचारून घे.

चॅसीवाले ऑर्डर घेताना विचारतात, चाक किती रुंद, ऑफसेट किती (म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं), गिअरबॉक्स कुठला, गाडी किती खाली हवी. यातलं एकही उत्तर तुझ्याकडे आत्ता नाहीये. मागे ३१५ मिलिमीटर रुंदीचा टायर घालायचा तर चाकाची घरं आत सरकवायला लागतात, २७५ वर राहिलास तर कदाचित बॉडीला हातच लावायला नको. ॲक्सलची रुंदी यावरून ठरते, आणि ती एकदा वेल्ड होऊन आली की आली. जंक्यार्डमधून कुठलीही चाकं आण, गाडीखाली ठेव, डोळ्याला बरं वाटेपर्यंत हलव, मग माप लिही.

चॅसी आली की तिला रंग देऊ नकोस, पावडर कोटिंग पण नको. कच्च्या लोखंडावरच अख्खी गाडी एकदा जोड. इंजिन, टी५६ गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या लाइनी, रेडिएटर, पेडल, सीट, सगळं. सहा गिअरचा तो बॉक्स मोठा आहे, जुन्या टनेलमधे (फ्लोरच्या मधल्या उंचवट्यात) बसत नाही, टनेल कापून उंच करायला लागतो, हे रंग दिल्यावर कळण्यात अर्थ नाही. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्टचा हेडर (इंजिनातून निघणाऱ्या नळ्या) एकाच जागेसाठी भांडतात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघ, गिअरबॉक्सची शेवटची रेषा आणि डिफरेन्शियलच्या पिनियनची रेषा समांतर पाहिजेत आणि जॉइंटला एक ते तीन अंशांचा कोन, नाहीतर साठ-सत्तर मैलांच्या वर गाडी थरथरणार आणि तू टायर बॅलन्स करत बसणार. आणि हे सगळं गाडीचं वजन चाकांवर असताना मोज, घोड्यांवर लटकलेली असताना नाही. सगळं जुळलं, दारं लागली, बॉनेट लागलं, की परत सगळं सुटं कर आणि मग रंग. तुला वाटेल एकच काम दोनदा. मला वाटतं या अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

बॉडी माउंट रबरी घे नाहीतर पॉलियुरेथेन. ॲल्युमिनियमचे सॉलिड मिळतात, ताठ असतात, पण रस्त्याचा प्रत्येक खडा सीटमधे ऐकू येतो आणि तुझ्या आईला घेऊन तू लांब जाणार असशील तर तिचा विचार कर. आणि रबर म्हटलं की अर्थिंग आलं. बॉडी आणि चॅसीच्या मधे रबर, चॅसीवर पावडर कोटिंग, म्हणजे करंटला परत जायला वाटच नाही. माझा पेट्रोलचा काटा नाचायचा, इंजिन गरम झालं की स्टार्टर मरायचा, आणि मी तीन आठवडे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर संशय घेत होतो. शेवटी चार ठिकाणी कोटिंग घासून चमकतं लोखंड काढलं, जाड वेणीच्या पट्ट्या लावल्या, इंजिन ते चॅसी, चॅसी ते बॉडी, बॉडी ते बॅटरी, सगळं शांत झालं. या जागा कोटिंगला देण्याआधीच टेप लावून झाकून ठेव.

इंजिनाचं थोडक्यात. एलएस३ उत्तम आहे, ६.२ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, पुढचं वजन बरंच कमी होतं. कुणी म्हणेल ७० च्या एलएस६ ४५४ ला ४५० हॉर्सपॉवर होते आणि तुझ्यात ४३०, मग काय मिळवलंस. तो ४५० चा आकडा जुन्या ग्रॉस पद्धतीचा, म्हणजे एअर क्लीनर, एक्झॉस्ट असलं काही न लावता स्टँडवर मोजलेला, तुझा ४३० गाडीत असतो तसं सगळं लावून. पेट्रोलच्या टाकीत पंप घाल, या इंजिनाला ५८ पीएसआय प्रेशर लागतं, जुना कार्बोरेटरचा पंप सहा-सात देतो. बस, इंजिनाबद्दल एवढंच पुरे, ते पंधरा ठिकाणी लिहिलेलं सापडेल.

पैशाचं पण बोलून टाकतो. चाकं-ब्रेकसकट चॅसीच्या किमतीत नवी छोटी गाडी येते. घाईत ऑर्डर दिलीस तर ती चॅसी तुझ्या गॅरेजमधे दोन वर्षं प्लास्टिकमधे पडून राहील, जागा खाईल, आणि बॉडी तिच्याभोवती फिरून नीट करायला जागाच उरणार नाही. तोच पैसा आत्ता एका चांगल्या वेल्डिंग मशीनवर आणि लोखंडी घोड्यांच्या दोन जोड्यांवर घाल. घोड्या स्वस्तातल्या नकोत, तू त्यांच्याखाली झोपून काम करणार आहेस.

मी या शनिवारी सकाळी येतो, ओळंबा आणि लांब टेप माझ्याकडे आहे, तू खडू आणि ती जाड सुतळी आणून ठेव. तोवर एक कर, दोन्ही दारं नीट लावून फटी मोज, वर, मधे आणि खाली, आणि सहाही आकडे मला मेसेज कर.

तुझा,
काका