बाजूच्या पट्टीत ड्राइव्ह कायम दिसावी म्हणून

प्रश्न : लिनक्स मिंटमध्ये दुसऱ्या हार्ड डिस्कवरचे फोटो उघडायला दर वेळी फाइल सिस्टीममधून एमएनटी फोल्डर शोधावे लागते. ती ड्राइव्ह डावीकडच्या यादीत कशी आणायची?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : 'डिस्क्स' हे अ‍ॅप उघडा, विभाजन (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग) निवडा आणि दातेरी चाकाच्या मेनूतून 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्या (माउंट करणे म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडणे). वरचे 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा. मग 'माउंट अ‍ॅट सिस्टीम स्टार्टअप' आणि 'शो इन यूजर इंटरफेस' या दोन्हींवर खूण हवी. नेमकी दुसरी खूणच ड्राइव्हला यादीत आणते. 'डिस्प्ले नेम'मध्ये 'फोटो' असे नाव देता येते. 'आयडेंटिफाय अ‍ॅज'मध्ये यूयूआयडी (विभाजनाचा न बदलणारा ओळख क्रमांक) असलेला पर्यायच निवडा, कारण एसडीबी१सारखी नावे डिस्कची जोडणी बदलली की बदलू शकतात. पर्यायांच्या ओळीतला 'नोफेल' हा शब्द पुसू नका. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर संगणक सुरू होतानाच अडकतो.

कंट्रोल-डी दाबून नुसता बुकमार्क करणे सोपे, पण आम्ही तो सुचवणार नाही. डिस्क जोडलेली नसताना तो रिकामे फोल्डर उघडतो, आणि त्यात टाकलेले फोटो लिनक्स असलेल्या डिस्कवर जाऊन बसतात.

डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) असेल आणि त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर तिथले 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. नाहीतर ती फक्त वाचता येते किंवा जोडलीच जात नाही. डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची तशीच पद्धत) असून लिहिता येत नसेल, तर ती ज्या फोल्डरला जोडली आहे त्याची मालकी टर्मिनलमधल्या 'चाऊन' (chown) आज्ञेने स्वतःकडे घ्या.