ॲनोडला प्रत्येक वेळी ‘धनाग्र’ म्हणावं का?

पांढरकवड्याजवळच्या एका शाळेतल्या विज्ञान शिक्षिकेनं दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: विद्युत अपघटन, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पदार्थ वेगळे करणं, शिकवताना पुस्तकात ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं दिलेलं आहे. पण फवारणी पंपातल्या लिथियम बॅटरीविषयी वाचलं, तर तिथं ग्रॅफाइटला, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाला, ॲनोड म्हटलंय, आणि ते तर मायनसच्या बाजूला असतं. मग खरं कोणतं? दुसरा प्रश्न: ‘इलेक्ट्रोड मटेरियल’ला मराठीत काय म्हणावं, आणि बॅटरी, इंधन घट, सुपरकपॅसिटर या तिन्हींसाठी तो एकच शब्द चालेल का? जाता जाता इलेक्ट्रोडसाठीचा ‘विद्युतअग्र’ हा शब्द लिहायचा कसा, हेही त्यांनी विचारलंय.

मॅडम, तुमचं पुस्तक बरोबर आहे आणि लिथियमवाला मजकूरही बरोबर आहे. गोची आहे ती ‘धनाग्र’ या शब्दात. तो विद्युत अपघटनासाठी घडला, तिथं तो चपखल बसतो, आणि मग आपण तो जिथं-तिथं वापरायला लागलो.

मूळ शब्दात ‘धन’ नाहीच. मायकेल फॅरडेनं 1834 मध्ये इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. त्यासाठी केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार झाला आणि ॲनोड-कॅथोड ही जोडी ह्यूएलनी सुचवली. ग्रीकमध्ये ‘अना’ म्हणजे वर, ‘काटा’ म्हणजे खाली आणि ‘होडॉस’ म्हणजे वाट. फॅरडेनं कल्पना केली ती पृथ्वीभोवती सूर्याच्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहाची. द्रावणाचं भांडं त्याच दिशेत ठेवलं, तर पूर्वेकडचं टोक ते ॲनोड, सूर्य वर येण्याची वाट. पश्चिमेकडचं ते कॅथोड, सूर्य खाली जाण्याची वाट. इतका द्राविडी प्राणायाम त्यानं मुद्दाम केला, कारण वीज म्हणजे नेमकं काय याविषयीचे सिद्धांत उद्या बदलले तरी शब्द टिकावेत अशी त्याची इच्छा होती. त्याच्या व्याख्येत ॲनोड म्हणजे प्रवाह जिथून द्रावणात शिरतो ती जागा, एवढंच. आजच्या भाषेत, जिथं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावले जातात, ते ॲनोड आणि जिथं क्षपण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, ते कॅथोड. प्लस-मायनसचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

हे समजायला आमच्या तुमसर तालुक्यातलं उदाहरण सगळ्यात चांगलं. डोंगरी बुजुर्गला मॉईल या सरकारी कंपनीची मँगनीजची खुली खाण आहे. तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज कोरड्या सेलांसाठी वापरलं जातं. शिवाय विद्युत अपघटनानं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढण्याचा कारखानाही तिथंच आहे. या पद्धतीत मँगनीज सल्फेटच्या गरम, आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडतात. प्लसला जोडलेल्या पट्ट्यांवर काळ्या डायऑक्साइडचा जाड थर चढतो. तो खरवडून, धुऊन, दळून घेतात. मँगनीजच्या आयनानं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणानं, इथं दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणजे ऑक्सिडीकरण झालं, म्हणजे ही पट्टी ॲनोड. तीच भुकटी पुढं टॉर्चच्या सेलात भरली जाते. तिथंही ती प्लसच्याच बाजूला असते, पण सेल वापरताना ती इलेक्ट्रॉन घेते, म्हणजे तिचं क्षपण होतं. म्हणून सेलात ती कॅथोड! पदार्थ तोच, प्लसची बाजूही तीच. नाव मात्र ॲनोडचं कॅथोड झालं. आता कॅथोडला आंधळेपणानं ‘ऋणाग्र’ म्हणाल, तर सेलाच्या प्लसला ऋण म्हटल्यासारखं होतं.

वर्गात खाणीचं उदाहरण दूरचं वाटलं तर शेताच्या कुंपणाला विजेचा झटका देणारं झटका मशीन घ्या. रानडुक्कर आणि रोह्यांपायी आता ते शेतोशेती आहे, पोरांनी पाहिलेलं असतं. त्याला लेड-आम्ल बॅटरी असेल तर तिच्या प्लसच्या प्लेटवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड असतो आणि मायनसच्या प्लेटवर करड्या रंगाचं सच्छिद्र शिसं. रात्री मशीन चालते तेव्हा प्लसच्या प्लेटवर डायऑक्साइडचं लेड सल्फेट होतं. हे क्षपण, म्हणून ती प्लेट कॅथोड. सकाळी उन्हं चढली, सोलर प्लेटनं चार्जिंग सुरू केलं की त्याच प्लेटवर सल्फेटचं पुन्हा डायऑक्साइड व्हायला लागतं. हे ऑक्सिडीकरण, म्हणून तीच प्लेट आता ॲनोड. लाल वायर जिथल्या तिथं आहे. प्लस बदलला नाही, मायनस बदलला नाही. बदलली ती प्रवाहाची दिशा, आणि तिच्याबरोबर ॲनोड-कॅथोडची अदलाबदल झाली.

मग लिथियम बॅटरीच्या ग्रॅफाइटला चार्जिंग चालू असतानाही ॲनोडच का म्हणतात? तो त्या क्षेत्रातला संकेत आहे: बॅटरी वापरात असताना जे नाव, तेच कायमचं. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच बॅटऱ्यांसाठी मिळालं. त्यांच्या कामाची माहिती वाचतानाही हाच संकेत दिसेल: लिथियम कोबाल्ट ऑक्साइड म्हणजे कॅथोड, आणि कार्बन म्हणजे ॲनोड. काही मराठी लेखांत मी ‘ग्रॅफाइटचं धनाग्र’ असं वाचलंय. ते सरळसरळ उलटं आहे. हे खोडायलाच हवं, कारण वाचणारा पोरगा उद्या वायर जोडायला बसणार आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. विद्युत अपघटन शिकवताना धनाग्र-ऋणाग्र खुशाल वापरा. ॲल्युमिनियम मिळवण्यासाठी ॲल्युमिनाचं अपघटन करतात, त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत आणि परीक्षेत तेच लिहायचे आहेत. बॅटरीचं बोलताना टोकांना ‘धन टोक’ आणि ‘ऋण टोक’ म्हणा, आणि अभिक्रियेचं बोलताना ॲनोड-कॅथोड हेच शब्द तसेच ठेवा. पोरांना ते जड जात नाहीत. चार्जर, स्टार्टर, कंडेन्सर हे शब्द ती घरात रोज ऐकतातच. ‘ऑक्सिडीकरणाग्र’ वगैरे नवा शब्द पाडण्याच्या मी विरोधात आहे. तो बोलताच येत नाही.

आता दुसरा प्रश्न. वर्तमानपत्रांत ‘इलेक्ट्रोड साहित्य’ असं छापून येतं, ते मला खटकतं. मराठीत साहित्य म्हणजे कामासाठी जमवलेल्या वस्तू: पूजेचं साहित्य, बांधकामाचं साहित्य. ज्यापासून एखादी वस्तू बनते त्याला आपण द्रव्य म्हणतो किंवा पदार्थ. इलेक्ट्रोड म्हणजे विद्युतअग्र, म्हणून ‘विद्युतअग्राचा पदार्थ’ हे मला सोपं आणि पुरेसं वाटतं.

पण इथं एक भेद मुलांना दाखवाच, कारण नुसत्या शब्दानं तो दिसत नाही. जुना, गळायला न लागलेला टॉर्चचा सेल उघडून पाहा. बाहेरचा डबा जस्ताचा. आत ओलसर काळा मसाला ठासून भरलेला, आणि मधोमध कार्बनची कांडी, तिच्या डोक्यावर पितळी टोपी. एके काळी हाच मसाला पाल्याच्या रसात कालवून गावोगावी शाळेचे फळे काळे करत. कांडीला सगळे प्लसचं विद्युतअग्र म्हणतात, पण कांडीचं काही होत नाही. ती फक्त वीज वाहून नेते. इलेक्ट्रॉन घेतो तो मसाल्यातला मँगनीज डायऑक्साइड. मसाला काळा दिसतो म्हणून त्याला नुसता कोळसा समजू नये. वीज नीट वाहावी म्हणून कार्बनची भुकटी त्यात मिसळलेली असते, एवढंच. मायनसला मात्र डबा हेच विद्युतअग्र आणि तोच पदार्थ, म्हणूनच वापरून संपलेल्या सेलाचा डबा खंगून भोकं पडतात आणि सेल गळतो. खरं काम करणाऱ्या भागाला शास्त्रात ‘क्रियाशील पदार्थ’ म्हणतात. बोलताना ‘मसाला’ म्हणायला माझी काही हरकत नाही. अर्थ अगदी नेमका पोचतो.

इंधन घटात हेच शब्द चालतात, पण अर्थ थोडा सरकतो. तिथं ॲनोडवर हायड्रोजनचं ऑक्सिडीकरण होतं आणि कॅथोडवर ऑक्सिजनचं क्षपण. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेरून येत राहतात. कार्बनवर पसरलेले प्लॅटिनमचे बारीक कण अभिक्रिया घडवतात, स्वतः संपत नाहीत. म्हणजे इथं विद्युतअग्राचा पदार्थ म्हणजे खर्च होणारा माल नव्हे, उत्प्रेरक आणि त्याचा आधार. इथंही ॲनोड ऋण बाजूलाच, हे ध्यानात असू द्या.

सुपरकपॅसिटरची तऱ्हा वेगळी. मोटरीच्या कंडेन्सरच्या कुळातलीच ही वस्तू, पण तिची विद्युतअग्रं असतात सक्रिय कार्बनची; नारळाच्या करवंट्या जाळूनही तो बनवतात. अशा एका ग्रॅम कार्बनच्या छिद्रांचा पृष्ठभाग एक हजार चौरस मीटरच्याही वर जातो, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं पंचवीस डिसमिल, पाव एकर. त्या पृष्ठभागाला आयन येऊन लगटून बसतात. साध्या प्रकारात रासायनिक अभिक्रिया होतच नाही, मग ऑक्सिडीकरण कुठलं आणि क्षपण कुठलं? म्हणून तिथं ॲनोड-कॅथोड टाळावं आणि ‘धन विद्युतअग्र’, ‘ऋण विद्युतअग्र’ म्हणावं. थोडक्यात, ‘विद्युतअग्राचा पदार्थ’ तिन्हीकडे चालेल. ‘क्रियाशील पदार्थ’ मुख्यतः बॅटरीसाठी.

जाता जाता तुम्ही लेखनाचंही विचारलंय. विद्युत् + अग्र यांचा संस्कृत नियमानं संधी केला तर विद्युदग्र होतो, जगत् + ईश = जगदीश तसा. तो शुद्ध आहे, पण मराठीत आपण ‘विद्युत’ हा शब्द पूर्ण अकारान्त लिहितो आणि ‘विद्युदग्र’ वाचताना मुलं अडखळतात. ‘विद्युतअग्र’ लिहा. फक्त एकाच वहीत तीन तऱ्हा होऊ देऊ नका.