कोटी मोजण्याआधी रकाना वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३५, हातात येणारा पगार ५५ हजार, घरखर्च ३८ हजार, पत्नी आणि एक मुलगी. आतेभाऊ विमा एजंट आहे. त्याने सुचवलेल्या पॉलिसीत २५ वर्षं दरमहा १५ हजार भरायचे आणि साठीला एक कोटी घ्यायचे. सही करू का?

करू नका.

सोबत पाठवलेल्या पत्रकात दोन रकाने आहेत. एकाच्या तळाशी ६२३८०००, दुसऱ्याच्या तळाशी १००४००००. स्वल्पविराम कुठेच नाहीत, आणि तुम्ही लिहिलंय, ‘दोन्ही आकडे मोठेच दिसतात.’ उजवीकडून आधी तीन अंक सोडा, मग दोन-दोन: ६२,३८,००० आणि १,००,४०,०००. एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर पहिला आकडा दशलक्षावर संपतो, दुसराच काय तो कोटीला पोचतो. मधला फरक ३८ लाखांचा. पहिला रकाना ४ टक्के परतावा गृहीत धरून केलेला आहे, दुसरा ८ टक्के. असं पत्रक या दोन दरांनीच दाखवायचा नियम आहे. दोन्हींपैकी एकाचीही हमी नसते. भावाने बोट अर्थातच दुसऱ्यावर ठेवलं.

बरं, तो ८ टक्क्यांचा रकाना खरा ठरला असं धरू. खर्च, कमिशन आणि विम्याची किंमत वजा जाऊन तुमच्या हप्त्यांवर साधारण ५.९ टक्केच पडतात. पहिल्या रकान्यात तर जेमतेम अडीच. सध्याचा पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, ही सरकारी बचत योजना) दर ७.१ टक्के आहे. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे तोही २५ वर्षं असाच राहील असं नाही. पण राहिला तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत १२,५०० भरत गेल्यास, १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांची मुदतवाढ दोनदा घेऊन, जवळजवळ एक कोटीच जमतात. करमुक्त. म्हणजे पॉलिसीपेक्षा महिन्याला अडीच हजार कमी भरून.

पॉलिसीच्या बाजूने एक गोष्ट आहे: विमा. पीपीएफमध्ये तो नाही, आणि लहान मुलगी असताना विम्याशिवाय राहू नये. पण तंबाखू-सिगारेट नसेल तर वाचलेल्या अडीच हजारांत एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साधा विमा) सहज बसतो.

आता त्या कोटीचा महिना काढा, कारण शून्यं पाहून खरा अंदाज येत नाही. साठीला कोटीवर ७ टक्के व्याज मिळालं तर महिन्याला सुमारे ५८ हजार. महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर त्या ५८ हजारांत आजचा साडेतेरा हजारांचा बाजार येईल. तुमचा खर्च आजच ३८ हजार आहे. म्हणजे कोटी गाठणं हे मुळात उद्दिष्टच अपुरं आहे, पीपीएफने गाठलं तरी.

म्हणून १५ हजारांतले ६ हजार पीपीएफ, ६ हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टी या शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, उरलेल्या तीन हजारांतून टर्म विमा आणि थोडी अडीनडीची शिल्लक. शेअर बाजार पडला की एसआयपी बंद करायची नाही, आणि पगार वाढला की वाढवायची ती हीच.

भावाला नाही म्हणणं जड जात असेल तर टर्म विमा त्याच्याकडूनच घ्या. कमिशन त्यावरही मिळतं.