एकाच गाडीच्या दोन नोंदी, खरी कोणती?

प्रश्न: ब्रिटनच्या नेटवर्क रेलच्या (तिथल्या रुळांचा कारभार पाहणारी संस्था) सीआयएफ फाइलमधून (गाड्यांच्या वेळापत्रकाची ठरावीक साच्यातली डेटा फाइल) टाइमटेबल अपडेट करतो, पण एकाच युआयडीच्या (गाडीच्या वेळापत्रकाचा ओळख क्रमांक) दोन-तीन नोंदी येतात, तारखाही एकमेकींवर चढतात. जुनी उडवू का?

उत्तर: अजिबात नको! ते एकावर एक थर आहेत हो. प्रत्येक नोंदीवर एक अक्षर असतं: पी म्हणजे कायमचं वेळापत्रक, ओ तात्पुरता बदल, सी म्हणजे रद्द, आणि तारीख-वार दोन्ही जुळले की इंग्रजी वर्णमालेत जे अक्षर आधी येतं ते जिंकतं. समजा सोम-शुक्र गाडी, बुधवारी रुळांचं काम, तर ओ फक्त बुधवारपुरता, गुरुवारी परत पी. तो पी उडवलात तर गुरुवारी माणूस स्टेशनवर उभा आणि ॲपमध्ये गाडीच नाही, फार जीवाला लागतं हे! डिलीट फक्त फाइलमध्ये डी (म्हणजे 'ही नोंद काढा' अशी खूण) आला तरच, तेही युआयडी, सुरुवातीची तारीख नि अक्षर तिन्ही जुळवून.